पुस्तकात नसलेली मैत्रीण

विशाखा पहिल्यांदा माझ्या छापखान्यात आली तेव्हा तिच्या हातांना स्पिरिटचा वास येत होता. नांदेडात वजिराबादच्या एका गल्लीत माझं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका हे रोजचं काम. वर्षाकाठी दोन-तीन पुस्तकंही काढतो, ती हौसेपोटी. लग्नसराई होती. मी एका पत्रिकेवरची मामालोकांची नावं तपासत बसलो होतो आणि ही पंचविशीतली पोरगी टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"भीमाशंकर काका तुम्हीच का? मी कादंबरी लिहिलीय. मोबाईलमध्ये हाय."

"कुणासाठी?" मी वर न बघता विचारलं.

"अकरावी-बारावीच्या पोरींसाठी. लहान पोरांची न्हाई, मोठ्या माणसांची बी न्हाई. मधल्यांची."

मी वर बघितलं. आमच्या भागात त्या वयाच्या पोरांना गाईड आणि प्रश्नसंच सोडून कुणी काही विकायला जात नाही. मी म्हणालो, "ठेव पाठवून, बघतो." ते मी सगळ्यांनाच म्हणतो. पण हिची कादंबरी त्या रात्री मी मोबाईलवर डोळे दुखेपर्यंत वाचली.

पुढं तिची ओळख होत गेली. सिडकोत दोन खोल्यांचं घर. वडील साहेबराव एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, आई चांगुणाबाई अंगणवाडीत. पोरगी डॉक्टर व्हावी म्हणून बापानं तिला दोन वर्षं लातूरला ठेवलं होतं. नंबर लागला नाही. मग तिनं लॅबचा कोर्स केला आणि डॉक्टर लेनमधल्या एका लॅबमध्ये लागली. सकाळी सातपासून लोकांच्या दंडाला पट्टा बांधायचा, शीर शोधायची. दुपारी मशीन रिपोर्ट काढत असताना ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून मोबाईलवर लिहायची. अख्खी कादंबरी तिनं अंगठ्यांनी लिहिली होती.

कादंबरीचं नाव 'निघाले म्हणून सांग'. तिच्यात ऋतू नावाची मुलगी लातूरच्या हॉस्टेलात राहून डॉक्टरकीची तयारी करते. टेस्टमधले मार्क उतरत जातात, तशी तिची झोप उडत जाते. एका दुपारी ती बॅगसुद्धा न घेता हॉस्टेलातून बाहेर पडते, मिळेल त्या गाडीत बसते आणि सीमेपलीकडं बिदरला पोचते. तिथं किल्ल्याच्या रस्त्यावर एका म्हाताऱ्या बाईची बेकरी असते. बाई तिला काही विचारत नाही, खारीचे ट्रे पुसायला देते. ऋतू तिथंच राहते, कन्नड शिकते, हळूहळू हसायला लागते. शेवटच्या पानावर ती घरी फोन लावते, आणि पलीकडून कुणी रागावत नाही.

"हे खरं घडलंय का गं?" मी तिला विचारलं होतं.

तिनं मोबाईल टेबलावर पालथा ठेवला. मग म्हणाली, "अर्धं. आधीचं अर्धं."

मला तेवढं पुरलं. मुखपृष्ठावर पाठमोरी, दोन वेण्यांची मुलगी होती. तिच्या खाली मी ठळक अक्षरांत टाकलं, 'सत्यघटनेवर आधारित'. विशाखानं प्रूफात त्या ओळीवर लाल पेनानं काट मारली. मी ती तशीच छापली. मनात म्हणालो, लिहिणारी माणसं लाजाळू असतात, विकायचं कसं ते आपल्याला कळतं. हे मी आज लिहून ठेवतोय, कारण पुढं जे झालं त्यात माझाही हात आहे.

पुस्तक निघालं आणि आमची फिरती सुरू झाली. शनिवारी ती लॅबमधून अर्धी सुट्टी घ्यायची, मी माझी जुनी ओम्नी काढायचो, मागं गठ्ठे टाकायचो. मुखेड, कंधार, अहमदपूर, चाकूर. मुख्याध्यापक आधी कपाळाला आठ्या घालायचे, मग पोरी खिळून बसलेल्या बघून चहा मागवायचे. विशाखा बोलायला उभी राहिली की आवाज बारीक, पण वाचायला लागली की वर्गातला पंखासुद्धा ऐकू यायचा. पोरी रडायच्या. पुस्तकासोबत फोटो काढायच्या, शेवटच्या पानाचे व्हिडिओ करून टाकायच्या. पहिली आवृत्ती चार महिन्यांत संपली. माझ्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली. वर्गात शिरल्याबरोबर विशाखा खिडकीकडच्या बाकांवर नजर फिरवायची. एकेक तोंड बघायची. कधी मध्येच वाचायची थांबायची, तिसऱ्या-चौथ्या बाकावर कुठंतरी बघत राहायची आणि मग ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचायची. प्रत्येक शाळेत कुणीतरी उठून तोच प्रश्न विचारायचं, "मॅडम, ऋतू खरंच हाय का?" तेव्हा ती पाण्याची बाटली उघडायची, एक घोट घ्यायची आणि म्हणायची, "पुढचा प्रश्न."

लातूरला ट्यूशन एरियातल्या एका मुलींच्या हॉस्टेलनं कार्यक्रम ठेवला. तिथल्या बाईंनी कौतुकानं आम्हाला खोल्या दाखवल्या. दोन लोखंडी पलंग, दोन टेबलं, भिंतीवर चिकटवलेली सूत्रं. एका पलंगावर कुणाचा तरी टॉवेल वाळत टाकला होता. विशाखा दारातच थांबली. ती हळूच म्हणाली, "काका, त्या पलंगावर कोण बसलंय?"

पलंगावर कुणी नव्हतं. मी तसं सांगितलं. तिनं मान हलवली, खाली जाऊन कार्यक्रम केला, सह्या दिल्या. परत येताना मात्र चाकूरजवळ तिनं गाडी बाजूला घ्यायला सांगितली. उन्हं कलली होती. रस्त्याच्या कडेला उभी राहून ती मला म्हणाली, "तिचं नाव वर्षाराणी. देवणीची. माझी रूममेट. दोन हजार सतराच्या ऑगस्टमध्ये गेली, ती अजून सापडली न्हाई. जिवंत हाय का न्हाई, तेबी कुणाला म्हाईत न्हाई. मी तिला बिदरला नेऊन ठेवलं, काका. मला दुसरं कुठं ठेवावं तेच कळेना."

"आणि तुला ती दिसते?"

"दिसत न्हाई. पण नसलेली कळती. वेणीचं टोक दातात धरायची सवय होती तिला. एखादी पोरगी तसं करायला लागली की माझं वाचणं बंद पडतं."

मी गाडी सुरू केली. एवढं ऐकूनही मुखपृष्ठावरच्या त्या ओळीचा विचार माझ्या मनात आला नाही.

जानेवारीत देवणीच्या शाळेतून बोलावणं आलं. विशाखा दोन दिवस आढेवेढे घेत होती, शेवटी आली. कार्यक्रम नेहमीसारखाच झाला. शेवटी पोरींची रांग लागली. त्यात नववीतली एक काळीसावळी मुलगी होती. तिनं पुस्तक पुढं केलं. विशाखानं नाव विचारलं, तर म्हणाली, "साक्षी." सही घेतली आणि निघून गेली.

पुढच्या महिन्यात एका सकाळी छापखान्यात फोन आला. पुस्तकावर माझाच नंबर असतो.

"मी देवणीहून साक्षी बोलायले. ते निघाले म्हणून सांग तुमचंच पुस्तक हाय न्हवं? त्यातली बेकरी बिदरला नेमकी कुठं हाय? आई चार येळा जाऊन आली, तिला घावंना."

मला आधी काही कळलंच नाही. मग तिनं सांगितलं. वर्षाराणी तिची मोठी बहीण. ती गेली तेव्हा साक्षी लहान होती. आईला वाचता येत नाही, म्हणून साक्षीनं तिला अख्खं पुस्तक रोज थोडं थोडं वाचून दाखवलं. हॉस्टेल तेच, सवयी त्याच. "आन् वर्षा म्हंजी ऋतूच की," ती म्हणाली. "वर लिव्हलंय बी, सत्यघटनेवर म्हणून. आई म्हणती, लिव्हणारीला ठावं हाय वर्षा कुठं हाय ते."

मी फोन ठेवला आणि टेबलावर पडलेल्या पुस्तकाकडं बघत राहिलो. मग उठून लॅबमध्ये गेलो. विशाखा एका म्हाताऱ्याच्या दंडाला कापूस लावत होती. मी तिला बाहेर जिन्यात बोलावून सगळं सांगितलं. तिनं मला एका शब्दानंही बोल लावला नाही. तेच मला जास्त लागलं. हातातले मोजे काढत ती एवढंच म्हणाली, "उद्या सुट्टी टाकते. जाऊ."

त्यांचं घर देवणीच्या बाहेर शेतात आहे. पत्र्याचं छप्पर, समोर गोठा, त्यात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या दोन देवणी गायी. वर्षाराणीचे वडील किशनराव बाजेवर बसले होते. ते फारसं बोलत नाहीत, त्या दिवशीही बोलले नाहीत. केवळाबाई पन्नाशीच्या आतबाहेरची, वाळकी, ताठ बाई. तिनं आम्हाला पाणी दिलं, चहा दिला. मग आत जाऊन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पुस्तक आणलं. मुखपृष्ठ बोटं लागून मळलं होतं.

"हे दावते मी तिकडं," ती म्हणाली. "ईके गोत्ता म्हणून इचारते. हिला वळखता का म्हणून. समदे गोत्तिल्ला म्हणत्यात. न्हाई म्हाईत."

मी म्हणालो, "वहिनी, तो फोटो नाही. चित्र आहे. चित्रकारानं मनानं काढलंय."

"आसंल. पर तिचा फोटो धाव्वीचा हाय, लई जुना झाला. हे नवीन हाय." मग ती विशाखाकडं वळली. "पोरी, तूच तिची ती मैतरीण न्हवं? येकदा दिवाळीच्या सुट्टीला आलती आमच्याकडं, धपाटे खाल्लेतीस. म्या वळखलं तुला. आता नीट सांग. बेकरी कुठं हाय?"

विशाखा जमिनीवर बसली. खुर्ची दिली होती, तरी जमिनीवर बसली.

"मावशी, बेकरी न्हाईच. मी बनवलीय. मी बिदरला कधी गेलेली बी न्हाई. वर्षा कुठं हाय ते मला म्हाईत न्हाई."

गोठ्यात गाय मान हलवत होती, तिच्या गळ्यातल्या घंटीचा आवाज येत होता. साक्षी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. केवळाबाई रडली नाही. तिनं पुस्तक उघडलं आणि पानं उलटत राहिली, जणू तिला वाचता येत होतं.

"सगळं हाय यात," ती म्हणाली. "तिचं टेबल हाय, तिचा डबा हाय, ती भीत व्हती ते हाय. मेसची बाई बी हाय. पर त्या खोलीत दोघी ऱ्हात व्हत्या न्हवं? साक्षीनं दोनदा वाचलं मला. ऋतू येकलीच हाय खोलीत. तू कुठं हायस गं यात?"

मग विशाखा बोलली, आणि ते मीही तेव्हाच पहिल्यांदा ऐकत होतो.

तो मंगळवार होता. टेस्टचा निकाल लागला होता. जेवणानंतर वर्षाराणी तिला म्हणाली, मी गावाकडं जाऊन येते, आईला बघून येते. हॉस्टेलच्या बाईंना सांगू नको, सोडणार न्हाईत. रजिस्टरमध्ये माझी सही तेवढी मार. विशाखानं मान डोलावली. तिच्यासमोर उघडं पुस्तक होतं आणि तिला सलग वाचायचं होतं. मंगळवारी संध्याकाळी तिनं वर्षाराणीची सही केली. बुधवारी सकाळी केली, संध्याकाळी केली. गुरुवारी दुपारी देवणीहून किशनरावांचा फोन हॉस्टेलवर आला, पोरीला जरा द्या म्हणून. तेव्हा सगळं उघडं पडलं.

"बाईंनी मला विचारलं, कधीपासून न्हाई? मी म्हणाले, आज सकाळपासून. सह्या मी केल्या म्हणले असते तर मला हाकललं असतं. पप्पांनी कसं ठेवलं होतं मला तिथं... एकदा म्हणले, मग तेच सगळीकडं लिहिलं गेलं. पोलिसांनी विचारलं तेव्हा बी तेच सांगितलं. मावशी, ती मंगळवारी दुपारी गेली. सगळ्यांनी तिला गुरुवारपासून शोधलं."

बाजेवरून किशनराव उठले. मला वाटलं, ते हिच्या अंगावर जातील. ते गोठ्यापलीकडं शेतात चालत गेले आणि पाठमोरे उभे राहिले.

"मंगळवार," केवळाबाई म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "मंगळवार. आमी लातूरच्या स्टँडवर आठ दिस बसलो. समद्या कंडक्टरला गुरुवारचंच इचारलं. गुरुवारच्या गाडीत बघितली का, गुरुवारच्या गाडीत बघितली का." तिनं पदर तोंडाला लावला, काढला. "सात वर्सं मी गुरुवार धरते पोरी. पोटात अन्न घालत न्हाई. उपासाचा वार बी चुकला माझा."

विशाखानं तिचे पाय धरायला हात पुढं केला. केवळाबाईनं पाय मागं घेतले. "नको," ती म्हणाली. "त्यानं काय व्हतंय."

आम्ही निघालो तेव्हा तिनं आम्हाला थांबवलं नाही, निरोपही दिला नाही. ओम्नीपर्यंत साक्षी आली. तिनं विचारलं, "ताई, फोन लावू का मी कधी?" विशाखानं मान डोलावली.

दुसऱ्याच दिवशी विशाखा वडिलांना घेऊन लातूरला गेली आणि पोलिसांकडं नवा जबाब दिला. साहेबरावांना ती गोष्ट तिनं एसटीत बसल्यावर सांगितली. त्यांनी लातूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघितलं. उतरताना म्हणाले, "आधी सांगायचं होतंस. हाकललं असतं तर आणलं असतं घरी." तिथल्या अधिकाऱ्यानं सगळं लिहून घेतलं, तारीख दोनदा विचारून पक्की केली. एवढ्या वर्षांनी त्यातून काय निघणार, हे त्यानं बोलून दाखवलं नाही, या दोघांनीही विचारलं नाही.

मी पुस्तकाची विक्री थांबवली. दुसऱ्या आवृत्तीचे शिल्लक गठ्ठे मागच्या खोलीत टाकले. विशाखा लॅबमध्ये जायची, घरी यायची. लिहिणं बंद होतं. चांगुणाबाई मला फोन करून सांगायच्या, पोरगी जेवायला बसली की ताटाशेजारी जागा सोडून बसते.

तीन आठवड्यांनी केवळाबाईचा फोन आला. साक्षीनं लावून दिला होता.

"येत्या मंगळवारी बिदरला चलायचं. गाडी घिऊन या. मंगळवारी गेली ती, मंगळवारीच जाऊ."

"वहिनी, बेकरी खोटी आहे," मी म्हणालो.

"ते कळलं मला. पर ती गेली तर कुठंतरी गेलीच आसंल न्हवं? कुठूनतरी सुरू करावं लागंल."

आम्ही गेलो. मी, विशाखा आणि केवळाबाई. किल्ल्याच्या रस्त्यानं, बाजारातून, स्टँडच्या मागच्या गल्ल्यांतून. जितक्या बेकऱ्या दिसल्या, तितक्यांत शिरलो. केवळाबाई कन्नडमध्ये विचारायची, विशाखा मोबाईलमधला दहावीचा फोटो दाखवायची. लोक चांगले होते, काचेच्या कपाटामागून वाकून बघायचे आणि मान हलवायचे. एका दुकानात ट्रे पुसणारी एक बाई होती, पाठमोरी, दोन वेण्या घातलेली. दोघीही एकदमच थांबल्या. मी बघत होतो, दोघींनी काउंटरची कड घट्ट धरलेली. बाई वळली. चाळिशीची होती. तिनं कन्नडमध्ये विचारलं, काय पाहिजे. कुणीच बोललं नाही, म्हणून मी दोन पाव घेतले.

दुपारी किल्ल्याच्या भिंतीच्या सावलीत बसलो. केवळाबाईचा उपास होता, मंगळवारचा. विशाखाही जेवली नाही. तिथं केवळाबाई तिला म्हणाली, "पुस्तक बंद केलंस म्हणं?"

"हाव मावशी. छापायचं न्हाई आता."

"कशापायी? मी इथवर चार येळा आले, चार गल्ल्या बघितल्या. तुझं पुस्तक माझ्यापरीस लांब जातंय. कुठं आसंल तर कुणाच्या तरी हातात बघंल. पुस्तकात तिच्या घरची चिडत न्हाईत तिच्यावर. ते तिला कळू दे. शेवट काढू नको." ती जरा थांबली. "पर तुला घाल त्यात. आन् मंगळवार घाल."

त्यावर तिनं विशाखाच्या डोक्यावरून हात फिरवला असं मी लिहिलं, तर ते खोटं होईल. तिनं तसं काही केलं नाही. ती उठली, पदर झटकला आणि गाडीकडं चालायला लागली.

विशाखानं नवं प्रकरण लिहायला पाच महिने घेतले. बाकीच्या पुस्तकापेक्षा ते लहान आहे, अकरा पानांचं. त्यात खोलीत दोन पलंग आहेत आणि एक मुलगी दुसरीची सही करते. मुखपृष्ठावरून मी ती ओळ काढली. चित्राच्या जागी वर्षाराणीचा दहावीचा फोटो, आणि मागं तिचं नाव, गाव, मंगळवारची तारीख. या सगळ्याला किशनरावांची सही आणि केवळाबाईचा अंगठा घेतला. किशनरावांनी सही करायला फार वेळ लावला.

आता पुन्हा फिरतो. विशाखा नवं प्रकरण वाचते तेव्हा पोरी रडत नाहीत, एकमेकींकडं बघतात. परवा अर्धापूरच्या शाळेत एक मुलगी कार्यक्रमानंतर मागं थांबली. तिनं विशाखाला कोपऱ्यात घेऊन कुजबुजत काहीतरी सांगितलं, आणि विशाखा तिचा हात धरून तिला थेट तिच्या बाईंकडं घेऊन गेली. काय होतं, ते तिनं मला सांगितलं नाही.

कार्यक्रम संपला की केवळाबाईचा फोन येतो. "आज कुठं हाईस? मागं कुणी मोठी बाई हुबी व्हती का?" विशाखा दरवेळी खरं सांगते. "न्हाई मावशी. आज न्हाई."

माझ्या छापखान्यातही कधी कधी फोन येतो आणि पलीकडून कुणी बोलत नाही. पूर्वी मी वैतागून ठेवून द्यायचो. आता ठेवत नाही. मशीन बंद करायला सांगतो आणि पलीकडचा फोन कट होईपर्यंत रिसीव्हर कानाला धरून बसतो.